टाकीला श्वास घेऊ देणारं दोनशे ग्रॅमचं झाकण

साखर कारखान्यातल्या पॅनमध्ये, म्हणजे रस आटवून साखर काढायच्या बंद भांड्यात, ६५० मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम सीझनभर चालतो. पाण्यात मोजला तर जवळपास ८.८ मीटर. पॅनला त्याचं काही होत नाही, कारण तो त्यासाठीच बांधलेला असतो. त्याच आवारात डिस्टिलरीच्या बाजूला इथेनॉलची ५०० केएलची (किलोलिटर, म्हणजेच घनमीटर) टाकी उभी असते. ८ मीटर व्यास, १० मीटर उंची, बघायला भक्कम. पण एपीआय ६५० या अमेरिकी मानकाप्रमाणे बांधलेल्या साध्या शंकूछताच्या टाकीला, ऑर्डर देताना वेगळं काही मागितलं नसेल, तर २५ मिमी व्हॅक्यूम चालतो. पाऱ्याचे नव्हे, पाण्याचे २५ मिमी. म्हणजे पॅनच्या साडेतीनशेवा हिस्सा. नळीतलं पाणी अंगठ्याच्या एका पेराएवढं वर चढलं, की टाकीची मर्यादा संपली.

टाकी चेपली की ‘आत ओढली गेली’ असं सगळे म्हणतात. आतून मात्र कोणीच ओढत नसतं. बाहेरची हवा दर चौरस मीटरला सुमारे दहा टन जोराने सगळीकडून दाबत असते आणि आतली हवा तितक्याच जोराने उलट रेटत असते, म्हणून काही जाणवत नाही. आतला रेटा जरा कमी झाला की फरकाचं सगळं ओझं पत्र्यावर येतं. रात्रभर बंद राहिलेल्या कुकरचं झाकण सकाळी घट्ट बसलेलं असतं, शिटी उचलली की ‘फुस्स’ होतं आणि ते सुटतं. त्या शिटीखालून हवा आत जाते. व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह हेच करतो, फक्त आपण होऊन आणि वेळेवर.

हिशेबाला एक सोय आहे. १ मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ किलो. आपल्या टाकीच्या छताचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे २५ मिमी व्हॅक्यूमला छतावर १,२५० किलोंचं ओझं. छताचा ५ मिमी पत्रा स्वतःच चौरस मीटरला ३९ किलो भरतो. टाकीच्या डिझाइनमध्ये व्हॅक्यूमचं ओझं पत्र्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही कमी धरलेलं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आतला दाब सोसणारं भांडं व्हॅक्यूमही सोसेल, हा गैरसमज फार जुना. ३ मीटर व्यासाचं, ६ मिमी पत्र्याचं लांब नळकांडं घ्या. आतून दाब दिला तर पत्रा ताणला जातो, आणि ताण सोसण्यात पोलाद पटाईत असतं. कागदावर ५ बारच्या वर सहज जाता येतं. बाहेरून दाब आला की पत्रा ताणला जात नाही, तो वाकतो. मध्ये मजबुतीच्या रिंगा नसतील तर हेच नळकांडं सुमारे ३५० मिमी पाण्याला, म्हणजे ०.०३५ बारला पोटात जातं. फरक दीडशे पटींचा. शिवाय ही ताकद जाडीच्या घनाने बदलते. गंजून ६ मिमीचा पत्रा ५ मिमी झाला तर आतल्या दाबासाठी सहावा हिस्सा ताकद गेली, पण व्हॅक्यूमसाठी चाळीस टक्क्यांहून जास्त गेली. ‘वीस वर्षं चालतेय, आताच कशी बसली?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा जाडी मोजायच्या गेजमध्ये असतं.

आतली हवा कमी कशाने होते

सरळ कारण पंप. १ घनमीटर द्रव बाहेर गेला की १ घनमीटर हवा आत यायला हवी. पंप तासाला ६० घनमीटर ओढत असेल तर तासाला ६० घनमीटर हवा. इतपत सगळ्यांना कळतं.

दुसरं कारण पाऊस, आणि ते पंपापेक्षा मोठं असू शकतं. मे महिन्यातल्या दुपारी रिकाम्या टाकीतली हवा ५० अंशांवर असते. वळवाची सर आली, छत आणि भिंती एकदम थंड झाल्या आणि आतली हवा ४० अंशांवर आली. टाकी बंद असेल तर एवढ्याशा थंडाव्याने ३२० मिमी व्हॅक्यूम तयार होतो. छतावर १६ टन! अर्धा मिमी पत्र्याचा ड्रम असो की ५०० केएलची टाकी, हे गणित आकार बघत नाही. या थंडाव्यासाठी किती हवा लागते याचा जुना आणि अजून वापरात असलेला ठोकताळा असा: ३,००० केएलपर्यंतच्या टाकीला, क्षमतेच्या दर घनमीटरमागे तासाला सुमारे ०.१८ घनमीटर. आपल्या टाकीला ९०. पंपाचे ६० त्यात मिळवा, कारण पंप चालू असताना पाऊस येणार नाही अशी हमी कोणी देत नाही. एकूण तासाला १५० घनमीटर. एपीआय २००० आणि त्याच्या जोडीचं आयएसओ २८३०० या मानकांत हा हिशेब तापमान, अक्षांश, इन्सुलेशन धरून बारकाईने करायची पद्धत दिलेली आहे. नवीन टाकीसाठी तीच वापरावी.

तिसरं कारण वाफ. हे सगळ्यात वाईट. १०० अंशांवर १ किलो वाफ १.६७ घनमीटर जागा व्यापते. तिचं पाणी झालं की एक लिटर. दूध, सरबतं, औषधं यांच्या टाक्यांत सीआयपीच्या (टाकी न उघडता आतून धुण्याच्या) वेळी ८० अंशांचं कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, फिरवतात. त्या तापमानाला टाकीतल्या ‘हवेत’ जवळपास अर्धी पाण्याची वाफ असते. त्यावर स्प्रे बॉलमधून गार पाणी सोडलं की वाफेचं पाणी होतं, उरलेली हवा आकसते आणि बंद टाकीत अर्धा बार व्हॅक्यूम होतो, म्हणजे पाण्याचे पाच मीटर. ३० केएलच्या टाकीत हे अर्ध्या मिनिटात घडलं तर त्या अर्ध्या मिनिटात १५ घनमीटर हवा आत यायला हवी, तासाच्या भाषेत १,८०० घनमीटर. नाजूक टाकीला हे जमवायचं तर दहा इंची तोंड लागेल. म्हणून सीआयपीच्या टाकीत गरम आणि गार यांच्यामध्ये कोमट पाण्याची पायरी ठेवतात, किंवा मॅनहोल उघडं आहे हे लिमिट स्विचने खात्री करूनच गार पाणी सोडतात. व्हॉल्व्हवर सगळा भार टाकू नये.

आणखी एक कारण फार जणांच्या लक्षात येत नाही: रसायन. फर्मेंटर किंवा बिअरच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो न काढता आत कॉस्टिक मारलं, तर दोघांचा सोडा बनतो आणि वायू नाहीसा होतो. १ घनमीटर कार्बन डायऑक्साइड गिळायला जेमतेम सव्वातीन किलो कॉस्टिक पुरतं. पाणी गार असलं तरी टाकी बसते, आणि मग ‘आपण तर गरम काही वापरलंच नाही’ म्हणून सगळे चक्रावतात. आधी हवेने वायू पूर्ण हुसकायचा, मगच कॉस्टिक. तसंच ओलसर, नव्या पोलादी टाकीची सगळी तोंडं बंद करून महिनोन्‌महिने ठेवली तर गंज आतला ऑक्सिजन खातो. त्याने व्हॅक्यूम होतोच. पण आत उतरणारा माणूस गुदमरतो, हा धोका त्याहून मोठा.

व्हॉल्व्हच्या पोटात काय असतं

टाकीवरच्या ब्रीदर व्हॉल्व्हला दोन कप्पे असतात. एकातून आत वाढलेली वाफ बाहेर जाते, दुसऱ्यातून हवा आत येते. हवेच्या कप्प्यात एक सीट आणि तिच्यावर स्वतःच्या वजनाने बसलेली चकती, म्हणजे पॅलेट. पॅलेट सरळ वरखाली व्हावं म्हणून मध्ये गाइड रॉड. सीटला टेकणाऱ्या बाजूला टेफ्लॉन जातीची पातळ फिल्म, गळती कमी व्हावी म्हणून. बाहेर जाळी. एवढंच. जास्त व्हॅक्यूमला उघडायचा असेल तर वजनाऐवजी स्प्रिंग येते.

आता पॅलेट तराजूवर ठेवा. सीटचं भोक १०० मिमी असेल तर क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर. २५ मिमी व्हॅक्यूमला उघडायचं तर वजन हवं त्याच्या पंचवीसपट, म्हणजे १९६ ग्रॅम. दोन वाट्या पोह्यांएवढ्या वजनाचं झाकण ५०० केएलची टाकी वाचवतं. त्यावर १०० ग्रॅम चिखल, रंग किंवा डिंकासारखा थर चढला की ते २५ ऐवजी ३८ मिमीला हलेल, आणि टाकीची मर्यादा २५ची होती.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र यापुढे आहे. प्लेटवर ‘सेट २५ मिमी’ लिहिलेलं असतं आणि टाकीचं डिझाइनही २५ मिमी, मग जुळलं असं वाटतं. जुळलेलं नसतं. सेट म्हणजे पॅलेट *हलायला लागण्याचा* बिंदू. तेव्हा हवा जेमतेम झिरपते. साध्या वजनी व्हॉल्व्हचं पॅलेट पूर्ण उचललं जायला सेटच्या जवळपास दुप्पट व्हॅक्यूम लागतो. म्हणजे पूर्ण हवा मिळेपर्यंत टाकीत ५० मिमीच्या आसपास झालेले असतात. टाकी सेट बघत नाही. लागणारी हवा ज्या व्हॅक्यूमला आत येते, तो आकडा ती सोसते.

मग सेट १२ ठेवावा का? कागदावर हो. पण १२ मिमीला पॅलेटचं वजन ९५ ग्रॅमच्या आत यायला हवं. २ मिमी जाडीची स्टेनलेसची चकती आणि तिचा दांडा मिळूनच २००च्या घरात जातात. अॅल्युमिनियमचं हलकं पॅलेट हा एक मार्ग, पण तो तुमच्या द्रवाला चालायला हवा. दुसरा मार्ग मोठा व्हॉल्व्ह घेणे, म्हणजे पॅलेट अर्धवट उचललं तरी हवी तेवढी हवा मिळते. तिसरा आणि आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा: टाकीची ऑर्डर देतानाच ५०-६० मिमी व्हॅक्यूमचं डिझाइन मागून घेणे. छताला थोडं जास्त पोलाद लागतं, पण पुढची वीस वर्षं एकेका मिलिमीटरसाठी ओढाताण करावी लागत नाही.

साइजचा अंदाज असा. २५ मिमी व्हॅक्यूमला हवा साधारण २० मीटर प्रतिसेकंद वेगाने आत शिरू पाहते. अडथळे धरून त्यातला निम्मा प्रवाह खरा. त्या हिशेबाने पूर्ण उघडलेला चार इंची व्हॉल्व्ह तासाला २९० घनमीटरच्या आसपास देतो, दोन इंची फक्त ७०. आपल्या टाकीला १५० हवेत. नोझल दोन इंची आहे म्हणून व्हॉल्व्हही दोन इंची बसवलेल्या टाक्या सर्रास दिसतात. पहिल्या मोठ्या सरीत त्यांचं नशीब ठरतं. आकडा अंदाजापुरता ठेवा, निवड मात्र बनवणाऱ्याच्या फ्लो कर्व्हवरूनच (किती व्हॅक्यूमला किती हवा, हा आलेख) करा. आणि व्हॉल्व्हखाली फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्योत टाकीत शिरू न देणारं उपकरण) असेल तर त्याचा अडथळा वेगळा धरा.

इथेनॉलच्या टाकीला अरेस्टर हवाच. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असेल तर पेटते, आणि ३० अंशांवर टाकीच्या रिकाम्या भागात ती दहा टक्क्यांच्या आसपास असते. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की बहुधा पेटण्याच्या मर्यादेपलीकडे जाते. इथेनॉल मात्र बरोबर मधोमध सापडतं. पण अरेस्टरच्या बारीक पट्ट्यांच्या फटीत धूळ आणि गंज बसतात, आणि व्हॉल्व्ह कितीही मोकळा असला तरी हवा खालीच अडते. अरेस्टर उघडून बघितला नसेल तर व्हॉल्व्ह तपासल्याची सही अर्धीच.

काय काय अडतं

रंगकाम हा पहिला आरोपी. रंग उडू नये म्हणून व्हेंटवर, म्हणजे टाकीच्या श्वासाच्या तोंडावर, पॉलिथिन बांधतात, संध्याकाळी रंगारी घरी जातो, रात्रीची पाळी पंप चालू करते. पातळ पिशवी कशी अडवेल असं वाटतं, पण हवा तिला जाळीवर घट्ट चिकटवते. आणि २५ मिमी फरकाला चार इंची तोंडावरच्या पिशवीवर जोर येतो तो जेमतेम २०० ग्रॅमचा. तेवढ्याने पिशवी फाटत नाही. रंगाच्या परमिटमध्ये ‘व्हेंट झाकले, कोणी काढले, केव्हा’ ही ओळ हवी आणि तोवर पंपाला ‘चालू करू नका’चा टॅग.

मग प्राणी. कुंभारीण माशी जाळीच्या भोकात मातीचं घर करते, कबुतरं हूडखाली काड्या आणतात. त्यावर उपाय म्हणून डासांची बारीक जाळी लावली की ती धुळीने बुजते. सहा मिमीच्या आसपासची जाळी पक्षी अडवते आणि श्वासही सोडते. नॅफ्थलीन, फ्थॅलिक अनहायड्राइड अशा गोठणाऱ्या मालाची वाफ थेट सीटवर थिजते. तिथे स्टीम जॅकेटचाच व्हॉल्व्ह लागतो. मळीच्या टाकीत फेस वर येऊन पॅलेट चिकटवतो. गळती थांबवायला कोणी सीटला सिलिकॉन लावतं, हेही घडतं. आणि दुरुस्तीसाठी म्हणून व्हॉल्व्हखाली बसवलेला बटरफ्लाय, म्हणजे वाट बंद करायचा व्हॉल्व्ह, बंदच राहून जातो. तो बसवूच नये. बसवायचाच तर दोन ब्रीदर आणि एक कायम उघडा राहील अशी कुलूपबंद जोडणी.

तपासणी

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, एवढं तरी करावं. पंप बंद, टॅग लावलेला, छतावर जायचं परमिट. टाकीत ज्वलनशील माल असेल तर ठिणगी न पाडणारी हत्यारं. एका टाकीवर एकच ब्रीदर असेल तर तो काढल्यावर टाकी उघडी पडते, म्हणून बदली व्हॉल्व्ह हाताशी ठेवून मगच बोल्ट सोडा. पॅलेट हाताने उचलून सोडा: अडकता कामा नये, आणि स्वतःच्या वजनाने सरळ बसलं पाहिजे. मग वजन. साध्या किचनच्या काट्यावर दांड्यासकट वजन करून ते प्लेटवरच्या सेटशी ताडून पाहा. दोन कप्प्यांची पॅलेट अदलाबदल झालेली असली तर ती इथेच पकडली जातात. फिल्म फाटली, सुरकुतली असेल तर बदला. सीट मऊ कापडाने पुसा, पॉलिश पेपर नको. व्हॉल्व्ह परत बसवताना स्पिरिट लेव्हल लावा, कारण व्हॉल्व्ह तिरका असला की पॅलेट गाइडला घासतं.

टाकीतला खरा व्हॅक्यूम बघायला यू-ट्यूब पुरते. पारदर्शक नळीचा यू करा, निम्मं रंगीत पाणी भरा, एक टोक छताजवळच्या टॅपिंगला, दुसरं उघडं. पंप पूर्ण वेगाने चालू असताना टाकीकडच्या बाजूचं पाणी वर चढेल. मोजायचा तो दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमधला *फरक*. एकाच बाजूचं चढणं मोजलं तर आकडा निम्मा येतो, २४ असताना १२ वाटतात आणि सगळे निर्धास्त होतात.

इथेनॉल किंवा सॉल्व्हंटच्या टाकीवर नायट्रोजन ब्लँकेट (द्रवावर राखलेला नायट्रोजनचा थर) असेल तर रोजचा श्वास नायट्रोजनचा असतो आणि व्हॅक्यूम पॅलेट महिनोन्‌महिने हलत नाही. म्हणून ते लहान घेऊ नये. नायट्रोजनच्या रेग्युलेटरचा पडदा (डायफ्रॅम) फाटला किंवा त्याच्या मुख्य पाइपचा दाब पडला, की पूर्ण १५० घनमीटर त्यालाच द्यावे लागतात. कधीच न हललेलं पॅलेट चिकटतंही लवकर.

स्टीमवर चालणाऱ्या उपकरणांत याच कामाचा धाकटा भाऊ असतो, अर्धा इंची व्हॅक्यूम ब्रेकर. जॅकेटची कढई किंवा हीट एक्स्चेंजर यांची स्टीम बंद झाली की आतली वाफ पाणी होते, व्हॅक्यूम तयार होतो आणि ते पाणी (कंडेन्सेट) ट्रॅपमधून, म्हणजे निचऱ्याच्या व्हॉल्व्हमधून, बाहेर पडण्याऐवजी आतच अडकतं, कधी उलटंही खेचलं जातं. सकाळी स्टीम सोडली की दणके. ब्रेकर कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे, स्टीमच्या जागेच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हवा. खाली लावला तर कचरा बसून तो गळतो आणि मग कोणीतरी त्याला प्लग मारतं.

टाकीचं छत बशीसारखं खोल जाताना किंवा भिंतीला खळगा पडताना दिसला, तर आधी पंप बंद करा, जमिनीवरून. छतावर कोणीही चढायचं नाही, ब्रीदर मोकळा करायलाही नाही, कारण ओझं आधीच पत्र्यावर आहे, त्यात माणसाचं वजन आणि हातोड्याचा धक्का. रिकाम्या होत असलेल्या टाकीत तोच द्रव खालून हळूहळू परत घेतला तर व्हॅक्यूम आपोआप उतरतो. नंतर खळगा बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा लावू नका. छत आणि भिंतीचा सांधा बऱ्याचदा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, तो सुटू शकतो. टाकी रिकामी करून, वायूमुक्त करून, सांधे आणि तळाच्या कडेचं वेल्डिंग तपासूनच ती पुन्हा भरायची की तोडायची ते ठरवावं.